मोतीबिंदू नव्हे, पापण्या

पापण्या मी हौसेने करून घेतल्या. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या वतीने दुसरं कारण शोधायला नको. माझ्या नजरेला काही झालेलं नव्हतं. वरच्या पापण्या मात्र गेल्या काही वर्षांत अशा लोंबल्या होत्या, की मी टक्क जागी असले तरी समोरच्याला वाटायचं, बाई पेंगते आहे. आमच्या इमारतीच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष एकदा भाषण थांबवून मला म्हणाले, "वहिनी, झोप आली असेल तर घरी गेलात तरी चालेल." सगळे हसले. त्या खोलीत त्यांचं भाषण ऐकणारी मी एकटीच होते.

मी फोटो स्टुडिओत काम करते. मालक फोटो काढतात आणि मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर बसून ते साफ करते. मालक मला इस्त्री म्हणतात, कारण लोकांच्या चेहऱ्यावरच्या चुण्या काढणं हेच माझं काम. चेहरा पडदाभर मोठा करायचा आणि एकेक डाग, एकेक रेघ टिपत जायचं. डोळ्यांखालच्या पिशव्या काढायच्या, पण सगळ्या नाही, नाहीतर माणूस मेणाचा दिसतो. पापणी किंचित वर घ्यायची. वकील येतात, दुकानदार येतात, शाळेच्या मुख्याध्यापिका येतात, आणि जाताना माझ्या दाराशी थांबून सगळे एकच सांगतात, "जरा फ्रेश करा हं." त्यात कुणाला लाज वाटत नाही. माझ्या नवऱ्याला बढती मिळाली तेव्हा ऑफिसात लावायचा त्याचा फोटोही मीच केला. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला होता, "अजून थोडं."

ओळखपत्राच्या फोटोला मात्र हात लावायचा नसतो. जसा आला तसा पाठवायचा, आणि तिकडचं यंत्र तो पास करतं किंवा नापास. माझं ओळखपत्र बदलायचं होतं म्हणून मी पांढऱ्या पडद्यासमोर बसले. मालकांनी फोटो पाठवला. उत्तर आलं, डोळे मिटलेले आहेत, पुन्हा काढा. पुन्हा काढला. डोळे मिटलेले आहेत. मी भुवया कपाळावर चढवून बसले तरी तेच. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळली होती आणि पडद्याच्या फटीतून माझी गंमत बघत होती. शेवटी मालक बिचारे कॅमेऱ्यामागून म्हणाले, "इस्त्री, डोळे उघड ना गं." माझे डोळे सताड उघडे होते. त्याच दुपारी मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "या वयात?"

"या वयातच," मी म्हटलं. "विशीत लोंबत नव्हत्या."

पैसे माझे, रजा माझी आणि पापण्याही माझ्याच, त्यामुळे त्याला बोलायला फार जागा नव्हती. तो गप्प बसला. तो गप्प बसला म्हणजे त्याला पटलं, अशी समजूत मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर कधी करून घेतलेली नाही.

या ऑपरेशनला पूर्ण भूल देत नाहीत. पापणीत इंजेक्शन देऊन तेवढी जागा बधिर करतात आणि आपण जागेपणी पडून असतो. सुई डोळ्याजवळ येताना दिसली तेव्हा मी घाबरले, रडलेसुद्धा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रडा हवं तेवढं, फक्त हलू नका. जादा कातडी गेली, बारीक टाके पडले. संध्याकाळी मी काळा चष्मा लावून घरी आले, उशांची चळत रचून डोकं उंचावर ठेवून पडले आणि पापण्यांवर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या.

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. माझ्या नणंदेचा होता. नवरा बोलत होता आणि शेजारी त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई बसल्या होत्या. "हो, आणलं घरी," तो म्हणाला. "डोळ्यांचं ऑपरेशन झालं." आता डोळ्यांचं ऑपरेशन म्हटलं की आमच्या लोकांना एकच ऑपरेशन ठाऊक. पलीकडून तिने विचारलं असणार, मोतीबिंदू का? मग माझा नवरा म्हणाला, "हो."

माझा नवरा वजनमापं तपासणारा निरीक्षक आहे. किलोमागे चिमूटभर कमी भरलं तर दुकानदाराला घाम फोडतो. आणि इथे बायकोच्या दोन्ही डोळ्यांत त्याने दोन मोतीबिंदू फुकटात घालून दिले.

"अहो," मी आतून हाक मारली, "मोतीबिंदू कुणाला झालाय?"

तो लगबगीने आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं. "हळू बोल. लोकांना काय सांगू मी? बायकोने पापण्या कापून घेतल्या? झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मला कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगणार."

"तुला कोण विचारतंय?" तो म्हणाला, आणि दुर्दैवाने ते बरोबर होतं. आजारी माणसाची चौकशी लोक आजारी माणूस सोडून सगळ्यांकडे करतात. काकूंचा फोन आला, ऑफिसातल्या सहकाऱ्याचा आला, मामांचा आला. त्या सगळ्यांनी त्याला विचारलं आणि त्याने सगळ्यांना तोच मोतीबिंदू वाटला.

सासूबाईंनी मात्र माझ्या खोलीच्या दाराशी येऊन मला विचारलं, "दुखतंय का गं?"

"ताण बसलाय, आई," मी म्हटलं. खरं काय ते त्यांना सांगायचं होतं, पण त्यासाठी नीट बसून बोलावं लागलं असतं आणि गोळ्यांनी माझी जीभ जड झाली होती. "बरं, पड," असं म्हणून त्या भिंत चाचपत परत गेल्या.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या बसमध्ये कंडक्टर होत्या. खच्चून भरलेल्या बसमध्ये तिकीट न काढलेला माणूस कोणता, ते त्यांना बरोबर कळायचं. तो हटकून खिडकीबाहेर बघत असतो म्हणे. आता त्यांचा एक डोळा काचबिंदूने कधीच गेला आहे. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे आणि त्याला उजेड आणि माणसांच्या सावल्या एवढंच कळतं. डॉक्टर आम्हा दोघा नवरा-बायकोला बाजूला घेऊन म्हणाले होते, आता थांबू नका, जितका उशीर कराल तितकं अवघड होत जाईल. पण उरलेला एकुलता एक डोळा सुरीखाली द्यायचा म्हणजे कुणीही दहादा विचार करेल. त्यांना हो म्हणायला लावण्यात माझी जीभ झिजली. शेवटी तयार झाल्या आणि तारीख ठरली. माझ्या रजेत मी घरी असेन, त्यांच्या डोळ्यात वेळेवर थेंब घालता येतील, म्हणून मीच दोन्ही ऑपरेशनं पाठोपाठ घेतली होती. तेवढी हुशारी नसती केली तर बरं झालं असतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी नणंद थर्मासमध्ये सूप घेऊन आली. मी नुकतीच आरशासमोरून उठून बाहेर आले होते. सूज आदल्या दिवशीपेक्षा वाढली होती आणि जांभळा रंग पापण्यांवरून खाली ओघळून गालांवर आला होता. हे असं होणार हे मला आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नव्हतं. नणंदेला सांगितलेलं नव्हतं.

"अगं बाई, वहिनी," ती दारातच थबकली. "हे काय होऊन बसलं? डोळे आहेत की वांगी? आई, तू बघायला हवं होतंस. टाके दिसतायत गं वरचे, रक्त साकळलंय, पार गालापर्यंत उतरलंय. मोतीबिंदूत असं होतं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत चहा पीत होत्या. त्यांनी कप हाताने चाचपून बाजूच्या स्टुलावर ठेवला.

"इकडे ये," त्या मला म्हणाल्या.

मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी माझ्या गालावरून बोट फिरवलं, मग हळूच वर नेलं. पापणीच्या कडेला टाक्याचं दोऱ्याचं टोक त्यांच्या बोटाला लागलं आणि त्यांनी हात चटकन मागे घेतला.

"माझं रद्द करा," त्या म्हणाल्या.

"अगं आई," नवरा म्हणाला, "तुझं तसं नाही."

"रद्द करा म्हटलं ना. मला सावल्या दिसतायत तेवढ्या पुरे आहेत. ही एवढी धडधाकट बाई, हिचे दोन दोन डोळे असे झाले. मला एकच आहे. तो गेला तर मी काय करू?" त्या उठल्या, भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेल्या आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

आम्ही तिघं स्वयंपाकघरात जमलो. तारीख अगदी तोंडावर आली होती. ती हुकली तर पुढची कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि एकदा नाही म्हटलेल्या सासूबाई पुन्हा हो म्हणतील याचा त्याहून नव्हता. नवऱ्याने थोडा विचार केला आणि त्याला तोडगा सापडला.

"असं सांगू या, की हिच्या केसमध्ये गुंतागुंत झाली," तो म्हणाला. "हिची डॉक्टर नवशिकी होती. आईचा डॉक्टर अनुभवी आहे, हात हलका आहे."

"माझ्या डॉक्टरीणबाईंनी तुमचं काय घोडं मारलंय?" मी विचारलं. "त्यांचं काम चोख झालंय."

नणंदेने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "म्हणजे गुंतागुंत झाली की नाही झाली?"

"मला मोतीबिंदूच नाही," मी म्हटलं. "कधी नव्हता. मी पापण्या करून घेतल्यात."

"कशासाठी?"

"दिसायला."

"हां, म्हणजे दिसत नव्हतं."

"दिसत होतं. दिसायला म्हणजे दिसायला. चांगलं दिसायला."

हा शब्द नवऱ्याने वरच्या वर झेलला. "तेच, तेच सांगू या. पापण्या नजरेवर येत होत्या, दिसायला अडचण होती, डॉक्टर म्हणाले काढून टाका. गरज होती म्हणून केलं. यात खोटं काय आहे?"

"सगळं," मी म्हटलं.

"अगं, एक शब्द तर बदलायचाय. म्हातारी आई घाबरून आत बसलीय आणि तू शब्दाला चिकटून बसलीस. हौस म्हणून केलं असं कसं सांगायचं माणसाने?"

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. हौस हा शब्द त्याने असा उच्चारला, जणू मी दुकानातून काहीतरी उचलून आणलं होतं. "का नाही सांगायचं? तुमच्या बढतीच्या फोटोत पिशव्या कोणती गरज म्हणून काढल्या? अजून थोडं, अजून थोडं, कोण म्हणत होतं माझ्या मानेवर बसून?"

"तो फोटो होता."

"हा चेहरा आहे. आणि माझा आहे. तुमचा मोतीबिंदू घरात आला नसता तर आई आज घाबरल्या नसत्या. एक खोटं झाकायला आता दुसरं पांघरूण घालताय, तेही माझ्याच अंगावरून."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "निदान सूज उतरेपर्यंत थांब." मी थांबले नाही. सूज उतरेपर्यंत तारीख निघून गेली असती. मी जाऊन सासूबाईंचं दार वाजवलं आणि कडी निघेपर्यंत वाजवत राहिले. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मी समोर खुर्ची ओढून घेतली. नवरा आणि नणंद माझ्यामागोमाग आले.

"आई, मला मोतीबिंदू झालेला नाही," मी म्हटलं. "माझ्या पापण्या लोंबल्या होत्या. त्यांची जादा कातडी मी काढून घेतली. नजरेसाठी नाही, हौस म्हणून. हे काळंनिळं त्याचं आहे. तुमच्या ऑपरेशनमध्ये पापण्या कापत नाहीत, असा चेहरा होत नाही."

सासूबाईंनी विचारलं, "मोतीबिंदू आहे असं कोण म्हणालं मग?"

माझा नवरा खिडकीबाहेर बघत होता.

"अस्सं," सासूबाई म्हणाल्या. "फोनवर बोललास ते माझ्या शेजारी बसून. हिला काय दिसतंय, बोला काहीही. डोळ्यांत धूळ फेकायला डोळे तरी धड असू द्यायचे होतेस." त्यांचा आवाज कापत होता. रागाने कापत होता की भीतीने, ते मला कळलं नाही. "मग माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे तरी खरं कशावरून? तेही तूच सांगितलंस. सोपं असतं, पटकन होतं, काही कळतसुद्धा नाही, हेही तूच सांगितलंस."

हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नवऱ्याचं तोंड उतरलं. नणंद थर्मासचं झाकण उगाच घट्ट करत राहिली.

"मी सांगते, आई," मी म्हटलं.

"तुझ्यावर तरी का विश्वास ठेवू?"

"आत्ता जे बोलले त्यात माझीच शोभा झाली म्हणून. खोटंच बोलायचं असतं तर काहीतरी बरं बोलले असते."

हे त्यांना पटलं असावं. त्यांनी मान थोडी वळवली. नीट ऐकायचं असलं की त्या तशी वळवतात. "दुखलं का?"

"सुई टोचताना दुखलं. मी रडले. त्यानंतर ताण, खाज, चिडचिड. फार दुखणं नाही."

"आणि माझ्या डोळ्याचं काय होईल?"

"डॉक्टर म्हणतात, बहुतेकांना चांगलं दिसायला लागतं," मी म्हटलं. "बहुतेकांना म्हणजे सगळ्यांना नाही. तुम्हाला दिसेलच असं मी सांगू शकत नाही. थांबलात तर आता दिसतात त्या सावल्याही जातील, हे मात्र ते माझ्यासमोर बोललेत."

"काही होत नाही गं आई," नवरा मध्येच म्हणाला, "अगदी किरकोळ..."

"तू गप्प बस." मग मला म्हणाल्या, "मला आधी विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. या वयात कसली पापण्यांची हौस."

"म्हणूनच विचारलं नाही."

"बिघडलं असतं म्हणजे?"

"माझं मी निस्तरलं असतं."

"आता वाटतं का, उगाच केलं?"

"नाही," मी म्हटलं. "पुन्हा करेन."

त्यांनी नाकातून फुस्स केलं. हसू होतं की तिरस्कार, तुम्हीच ठरवा. माझ्या हौसेचं त्यांना कौतुक नव्हतं आणि अजूनही नाही. पण त्या आता माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि जेव्हा बोलल्या तेव्हा मुलाशी बोलल्या.

"किती जणांना सांगितलास हा मोतीबिंदू?"

"काकूला. ऑफिसात. मामाला." तो कसाबसा म्हणाला.

"फोन घे. एकेकाला लाव, आवाज मोठा ठेव आणि जे आहे ते सांग."

"आई, त्याचा इथे काय संबंध?"

"ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांशी कोण बोलणार? तू. ते तुला सांगणार आणि तू मला सांगणार. मी तुझ्या शब्दावर माझा डोळा देणार आहे. तो शब्द खरा निघतो का, ते मला आधी ऐकू दे. नाहीतर मी घरातून हलत नाही."

दुकानदारांच्या काट्यावर वजनं ठेवून बघणारा माणूस आता स्वतः काट्यावर चढला होता. त्याला माझी मदत हवी असेल. मी मदत करणार नव्हते.

पहिला फोन सहकाऱ्याला लागला. "हां, ते मिसेसचं म्हणजे, मोतीबिंदू नव्हता," तो म्हणाला. "पापण्यांचं होतं. म्हणजे नजरेला जरा..."

सासूबाईंनी पलंगाच्या लाकडावर बोटांनी टकटक केलं. आयुष्यभर त्या असंच नाण्याने दांडीवर टकटक करून बस थांबवत आल्या होत्या.

"नजरेला नाही," तो म्हणाला. "हौस म्हणून."

पलीकडून सहकारी दबक्या आवाजात म्हणाला, "कुठे केलं हो? नंबर पाठवा ना. नाही, आमच्या हिच्यासाठी नाही, मलाच." नणंदेला ठसका लागला.

काकूंनी तेवढं गोड ऐकवलं नाही. "नातवंडं खेळवायच्या वयात हे धंदे?" त्यांचा आवाज खोलीभर घुमला. "लाज नाही वाटत तिला?"

"नाही वाटत, काकू," मी खुर्चीतूनच सांगितलं. काकूंनी फोन ठेवून दिला. ठेवू देत. आता काकूंना निदान खऱ्या गोष्टीचा राग आला होता.

मामा शेवटी राहिले. मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, आणि त्यांना ऐकू येत नाही म्हणजे अजिबात येत नाही. नवरा फोन घेऊन खिडकीशी गेला, कारण तिथे रेंज चांगली असते.

"मामा, मोतीबिंदू नव्हता. पापण्या होत्या, पापण्या."

"पाहुण्या? कोण पाहुण्या?"

"पाहुण्या नाही, मामा. पापण्या. डोळ्यांच्या पापण्या." तो ओरडत होता. समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी बाई चिमटा हातात धरून थांबली. खाली गाडी धुणारे अध्यक्ष वर बघू लागले. "बायकोने पापण्या करून घेतल्या."

"का? काय झालं होतं?"

"काही झालं नव्हतं. हौस म्हणून."

"काय म्हणून?"

"हौस. हौस, मामा. हौस म्हणून." तीनदा. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. सबंध इमारतीत आता असा कुणी उरला नव्हता, ज्याला माझ्या पापण्यांचं कारण ठाऊक नाही. मला वाटलं होतं, मला थोडं तरी ओशाळं वाटेल. उलट छातीवरून धोंडा उतरावा तसं वाटलं.

"असं होय," मामा म्हणाले. "मग? कशी दिसते?"

ऑपरेशन झाल्यापासून नवऱ्याने मला चहा आणून दिला होता, पट्ट्या भिजवून दिल्या होत्या, औषधाच्या वेळा सांभाळल्या होत्या, आणि हे सगळं कपाकडे, उशीकडे, भिंतीकडे बघत केलं होतं. माझ्या तोंडाकडे त्याने एकदाही धड पाहिलं नव्हतं. ते मला ठाऊक होतं. त्याला ते आत्ता कळलं.

"माहीत नाही, मामा," तो ओरडला. "मी अजून नीट बघितलंच नाही."

"मग बघ आणि सांग. मी थांबतो."

तो खिडकीपासून वळला. मी खुर्चीत ताठ बसले. डोळे जांभळे होते, सुजलेले होते, टाके काळ्या मुंग्यांसारखे दिसत होते, हे मला माहीत होतं. मी नजर खाली घातली नाही. तो बघत राहिला. आधी टाक्यांकडे बघत होता, मग माझ्याकडे बघायला लागला.

"सुजलीय, मामा," तो फोनमध्ये म्हणाला. आता तो ओरडत नव्हता आणि मामांना एक अक्षर कळलं नसणार. "जांभळी पडलीय. पण डोळे उघडलेत तिचे. इतके उघडे मी पुष्कळ वर्षांत पाहिले नव्हते. माझ्याकडे रोखून बघतेय."

"काय म्हणालास?" मामांनी विचारलं. फोन त्याच्या हातात तसाच राहिला आणि मामांनी हॅलो, हॅलो करून तो केव्हातरी ठेवला.

सासूबाई पलंगावरून उठल्या. त्यांनी अंबाडा सोडला आणि पांढरे केस पाठीवर मोकळे केले.

"पाणी तापवा," त्या म्हणाल्या. "डोकं धुवायचंय मला. ऑपरेशन झालं की बरेच दिवस डोक्यावरून पाणी घेता येत नाही म्हणतात."

मी सवयीने उठले. त्यांना माझी सावली हललेली कळली असावी, कारण त्यांनी हात पुढे करून माझा खांदा शोधला आणि मला परत खुर्चीत बसवलं.

"तू नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाने वाकायचं नसतं," त्या म्हणाल्या. "तो धुवेल."